काकूबाईची सही

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात कापड बेतायचं एक टेबल होतं. आठ फूट लांब, चार फूट रुंद, वर गडद निळं जाड कापड ताणून बसवलेलं. एरवी त्यावर पँटी आणि शर्ट बेतले जात. रविवारी मात्र दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं जायचं आणि सकाळी नऊपासून त्या टेबलावर गणित चालायचं. असं दोन वर्षं चाललं. विद्यापीठात फळ्यांचा काही दुष्काळ नव्हता, पण तास संपले की शिपाई वर्गांना कुलपं लावायचा, ग्रंथालयात जरा आवाज चढला की तिथल्या बाई डोळे वटारायच्या, आणि या चौघांचं गणित मुकाट्यानं होणारं नव्हतं. भांडल्याशिवाय त्यांना साधी व्याख्यासुद्धा पचायची नाही.

चौघांतला एक मास्तरांचाच मुलगा, म्हणून त्याला सगळे छोटा मास्तर म्हणत. त्याचं अक्षर असं की छापलेलं वाटावं. दुसरी वकीलबाई. तिला दोन अधिक दोन चार असं सांगितलं तरी ती 'कोण म्हणतं?' म्हणून विचारणार. तिसरा पंडित. तो हुशार होता आणि त्याला हुशारीचा माज नव्हता. अशी माणसं फार भेटत नाहीत. आणि चौथी काकूबाई, जिची ही गोष्ट आहे.

काकूबाई बाकीच्यांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. घरच्या अडचणीत तिचं शिक्षण सुटलं, मग ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसली, आणि एक दिवस चांगली लागलेली नोकरी सोडून परत विद्यापीठात आली. भावानं कपाळाला हात लावला. ती केस चापून बांधायची, टोपण लावल्याशिवाय पेन खाली ठेवायची नाही, आणि कुणी शिंकलं की 'स्वेटर नाही आणलास?' म्हणून विचारायची. नाव पहिल्याच आठवड्यात पडलं. तिनं ते हसत घेतलं, कारण तिला नाव लागत नव्हतं. लागायचं ते वेगळंच. तिला उशिरा कळायचं.

कळायचं नाही असं नव्हे हं. कळायचं, पण उशिरा. पंडितला जे एका दमात दिसायचं, त्यासाठी हिला दीड तास लागायचा, आणि त्या दीड तासात ही बाकीच्यांचा जीव नकोसा करून सोडायची. हे कुठून आलं? हे मघाचंच का? हे असं का नाही, तसं का? घरी वहिनी म्हणायची, "एकाच पानावर दोन दोन दिवस बसतेस, पान झिजेल गं एखाद्या दिवशी." वहिनी मायेनंच म्हणायची, पण काकूबाईला ते रात्री अंथरुणात आठवायचं.

टेबलाचे नियम चौघांनी मिळून केले होते. शिंप्याचा खडू, तो चपटा तिकोनी पांढरा तुकडा, अडलेल्याच्या हातात असायचा. ज्याला कळलंय त्यानं फक्त बोलायचं, खडूला हात लावायचा नाही. त्यामुळे ज्याला कळलंय त्याला जीभ वापरून दुसऱ्याच्या हाताकडून लिहून घ्यावं लागे, आणि त्यात त्याची स्वतःची पोलही बरेचदा उघडी पडे. 'हे तर उघडच आहे' असं जो म्हणेल, त्यानं संध्याकाळी टेबलाखालच्या चिंध्या झाडायच्या. पंडितनं दोन वर्षांत एवढ्या चिंध्या झाडल्या की मास्तर त्याला 'कामाला लागतोस का माझ्याकडे?' म्हणायचे. आणि तिसरा नियम वहीचा. एखादी सिद्धता पुरी झाली की छोटा मास्तर ती स्वच्छ अक्षरात मोठ्या वहीत उतरवायचा, आणि खाली चौघांनी सह्या करायच्या. सही म्हणजे 'मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कळलं'. चारांतली एक जरी सही राहिली, तरी ती सिद्धता झाली असं धरायचं नाही.

शेवटची सही नेहमी काकूबाईची. तसं कुणी ठरवलं नव्हतं, तिला उशीर लागायचा म्हणून ते आपोआप तसं झालं. पण वहीत शंभरावर सिद्धता जमल्या तोवर इतर तिघांना त्याची सवय लागली होती. काकूबाईनं पेनाचं टोपण काढलं की यांचा जीव भांड्यात पडायचा. तिच्या चाळणीतून जे खाली उतरलं ते बरोबर, असं ते धरून चालले होते. ही गोष्ट त्यांनी तिला कधी सांगितली नाही. तिला वाटायचं, आपण यांच्या पायातला धोंडा आहोत आणि ही भली मुलं आपल्याला ओढून नेतायत.

शेवटच्या वर्षाच्या थंडीत पंडितला स्वतःचं काहीतरी सापडलं. पुस्तकातलं नव्हे, स्वतःचं. शहरातल्या मोठ्या संशोधन संस्थेत दर वर्षी विद्यापीठातला एकच विद्यार्थी घेतला जायचा, आणि त्यासाठी परीक्षकांसमोर उभं राहून आपलं एखादं छोटं काम मांडावं लागायचं. पंडितला ती जागा हवी होती. दुसरं काही हवं होतं असं त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्याची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुवायची, आणि पोराला काय हवंय ते तिला कळत नसलं तरी किती हवंय ते कळत होतं.

त्याचं काम साध्या शब्दांत सांगायचं तर असं. त्याच्याकडे फलनांची, म्हणजे फंक्शन्सची, एक रांग होती. कुठलाही एक बिंदू घ्या, त्या बिंदूपाशी ती रांग पावलापावलानं शून्याच्या जवळ जायची. एखाद्या बिंदूपाशी चार पावलांत, एखाद्यापाशी चाळीस पावलांत. पंडितचं म्हणणं असं, की तीन विशिष्ट अटी घातल्या तर ती सगळ्याच बिंदूंपाशी एकदम जवळ जाते, सगळ्यांना मिळून पावलांचा एकच आकडा पुरतो. सिद्धता नऊ पानांची होती. पहिल्या पानावर त्यानं एक बिंदू घेतला, त्याला लागणाऱ्या पावलांच्या आकड्याला 'एन' असं नाव दिलं आणि पुढं निघाला.

ती सिद्धता टेबलावर आली त्या रविवारी नवापासून दोनपर्यंत कुणी जागचं उठलं नाही. काकूबाईनं सहा पानांत नऊ वेळा थांबवलं. नऊही वेळा पंडितनं न चिडता समजावलं, आणि नऊही वेळा त्याचंच बरोबर निघालं. दोनच्या सुमाराला मास्तर आले. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर होती, रविवार असला तरी कापड बेतायचं होतं. खांद्यावर तागा घेऊन ते दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "चालू दे, चालू दे, मला काही घाई नाही." घाई असलेला माणूसच असं म्हणतो.

सातव्या पानावर तो एन परत आला. काकूबाईला कुठंतरी खटकलं. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी झालं. नियमाप्रमाणे तिनं खडू मागायला हवा होता.

"काकू, आता तरी कळलं म्हण गं बाई," वकीलबाई म्हणाली. "पोटात कावळे कोकलतायत."

सगळे हसले. मास्तरही हसले. पंडित हसला नाही, तो तिच्याकडे बघत होता.

"हो," काकूबाई म्हणाली. "कळलं."

"एका झटक्यात?" छोटा मास्तर.

"आज काकू सुसाट आहे!" वकीलबाई म्हणाली आणि तिनं तिच्या पाठीवर थाप मारली.

उरलेली दोन पानं भरभर उरकली आणि काकूबाईनं सही केली. त्या दिवशी घरी जाताना ती आनंदात होती, हे लपवण्यात काही अर्थ नाही. रस्ताभर तिच्या कानात ती थाप वाजत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या टप्प्यावर तिच्यासाठी कुणाला थांबावं लागलं नव्हतं.

यानंतर तीन आठवडे गेले. सातवं पान तिच्या डोक्यात अधूनमधून डोकं वर काढायचं आणि ती त्याला खाली दाबायची. परीक्षकांसमोर उभं राहायच्या आदल्या दिवशी, पुन्हा रविवारीच, पंडितनं टेबलाशी उभं राहून सगळी तालीम केली. "सातवं पान जरा परत दाखवशील?" तिनं विचारलं.

"आत्ता नको गं," तो म्हणाला. "तुझी सही झालीय ना त्याच्यावर? मग मी निवांत आहे."

तिनं पेनाला टोपण लावलं.

सोमवारी सकाळी तिला पहाटेच जाग आली. वहिनी डबे भरत होती. काकूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसली आणि तिनं तिची नेहमीची युक्ती केली. काही कळेनासं झालं की ती त्यातलं सगळ्यांत साधं, अगदी शाळकरी उदाहरण शोधायची. एकापेक्षा लहान एक संख्या घ्यायची आणि तिला तिनंच गुणत राहायचं. एक दशांशाच्या खाली यायला किती वेळा लागतात? अर्धा घेतला तर चार. शून्य दशांश नऊ घेतला तर बावीस. शून्य दशांश नऊ नऊ घेतला तर दोनशे तीस. आणखी एक नऊ लावला तर दोन हजार तीनशे दोन. नऊ वाढवत गेलं की आकडा वाढतच जातो, तो कुठं थांबणारच नाही. सगळ्यांना पुरेल असा एकच आकडा इथं नाही. हे उदाहरण पंडितच्या अटींत बसतं का? पहिली अट बसते, दुसरी बसते, तिसरी तिनं तीनदा तपासली, तीही बसते.

म्हणजे सातव्या पानावरचा एन हा पहिल्या पानावरचा एन नव्हताच. पहिला एन त्या एका बिंदूचा होता. पण एकदा त्याला एका अक्षराचं नाव मिळालं, आणि सहा पानं तेच अक्षर डोळ्यांसमोरून गेलं, की तो सगळ्यांचाच आहे असं वाटायला लागलं. पंडितला वाटलं, वकीलबाईला वाटलं, छोट्या मास्तरला तर अक्षर सुंदर काढण्यापलीकडे काही सुचलं नसेल. फक्त तिचा पाय घसरला होता, आणि तिनं तो कुणाला दिसू दिला नव्हता.

"चेहरा का असा उतरलाय?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.

ती पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. कार्यक्रम अकराचा. सभागृहाबाहेरच्या लांब गॅलरीत पंडित उभा होता, मास्तरांनी शिवलेला नवा शर्ट घालून, आणि त्याची आई त्याची कॉलर नीट करत होती. कॉलर नीटच होती. आईच्या हातांची कातडी साबणसोड्यानं पांढुरकी पडलेली.

"तूच ती काकूबाई ना?" आई म्हणाली. "घरी सारखं नाव निघतं बघ तुझं. म्हणतो, आई, तिला पटलं की झालं, मग मला झोप लागते."

काकूबाई पंडितकडे वळली. "पंडित, जरा बाजूला येतोस?"

"आता नवीन काही सांगू नकोस हं," तो हसत म्हणाला, "डोक्यातलं सगळं सांडेल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. अर्धा तास होता. अर्ध्या तासात तो परीक्षकांकडे जाऊन चार दिवसांची मुदत मागू शकला असता, दुसरं एखादं छोटं काम मांडू शकला असता. पण दोन वर्षांत पुस्तकात चूक आहे असं काकूबाईला वीसेक वेळा वाटलं होतं, आणि वीसही वेळा चूक तिचीच निघाली होती. ही एकविसावी कशावरून नसेल? ऐन वेळी त्याचा धीर खचवून वर आपणच चुकीचे ठरलो तर? आणि याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती. चूक सांगायची म्हणजे सही खोटी होती तेही सांगावं लागणार.

"काही नाही रे," ती म्हणाली. "सावकाश बोल, एवढंच."

सभागृहात पंडितच्या आईनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. समोर तीन परीक्षक: विभागाचे मोठे सर, संस्थेचे एक गृहस्थ, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या एक बाई. मागं वीस-पंचवीस विद्यार्थी. वकीलबाई आणि छोटा मास्तर दुसऱ्या बाजूला. पंडित फार सुंदर बोलला. घाई नाही, अडखळणं नाही, फळ्यावर ओळी नीट एकाखाली एक. सातव्या पानाचा मजकूर फळ्यावर आला आणि गेला. काकूबाई परीक्षकांच्या मानांकडे बघत होती. तिन्ही माना डोलत होत्या.

"बरं चाललंय ना गं?" आईनं हळूच विचारलं.

"हो मावशी."

बोलणं संपलं तेव्हा मोठे सर म्हणाले, "छान. फारच छान." संस्थेच्या गृहस्थांनी काहीच विचारलं नाही. बाहेरच्या बाईंनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही शेवटच्या पानावरचे, आणि पंडितनं दोन्हींची चोख उत्तरं दिली. मग मोठे सर पेनाचं टोपण लावत म्हणाले, "विद्यार्थ्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" हे दर वर्षी विचारलं जायचं आणि दर वर्षी कुणी काही विचारायचं नाही.

काकूबाईनं तोलूनमापून काही ठरवलं असं सांगता येणार नाही. फळ्यावर चुकीची गोष्ट लिहिलेली होती आणि तिच्याखाली पंडित उभा होता, एवढंच तिला दिसत होतं. ती उभी राहिली. शेजारून पंडितची आई तिच्याकडे कौतुकानं बघायला लागली. पोराच्या कामात कुणी एवढा रस घेतंय याचा तिला आनंद झाला होता.

"मला कळलं नाही," काकूबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तो पहिल्या ओळीतला एन. तो एकाच बिंदूसाठी घेतलाय ना? मग खाली सगळ्यांसाठी तोच कसा चालतो?"

पंडित हसला, टेबलाशी हसायचा तसाच. "अगं, तो असा..." म्हणत तो फळ्याकडे वळला. हात वर गेला. खडू फळ्याला टेकायच्या आधी थांबला.

तो तसाच उभा राहिला. वरचा पंखा फिरत होता. बाहेरच्या बाई खुर्चीत पुढं सरकल्या आणि फळ्याची पहिली ओळ परत वाचायला लागल्या. कुणीतरी खोकलं. पंडितच्या मानेवर घाम दिसायला लागला.

मोठे सर चांगले माणूस होते. ते म्हणाले, "मध्ये कुठंतरी तुमची तिसरी अट वापरली असेल ना? आठवून बघा."

'हो' म्हटलं असतं तर निदान तेवढी वेळ निभावली असती.

"नाही सर," पंडित म्हणाला. "वापरलेली नाही." मग त्यानं फळ्याच्या कडेला दोन ओळी लिहिल्या. तेच, अर्धा, शून्य दशांश नऊ. त्याला तीन मिनिटंही लागली नाहीत. "आणि वापरून उपयोग नाही. हे खोटंच आहे." त्यानं डस्टर उचललं आणि फळ्याच्या मध्यापासून खालचं सगळं पुसून टाकलं.

"संपलं का गं?" आईनं विचारलं. काकूबाईला तिच्याकडे बघवेना.

जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. तिचं काम लहानसंच होतं, पण बरोबर होतं. मोठ्या सरांनी पंडितच्या प्रामाणिकपणाचं चार लोकांत कौतुक केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी तो विद्यापीठाचा विद्यार्थी नसणार, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

गॅलरीत वकीलबाईनं काकूबाईला गाठलं. "समाधान झालं?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर विद्यापीठात ती समोरून आली की रस्ता बदलायची. छोटा मास्तर रस्ता बदलायचा नाही, पण त्याची नजर जमिनीवर असायची. आणखी चारपाच मुलांनी काकूबाईबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं: पोटदुखी, जळकेपणा, वयानं मोठी असून अक्कल नाही. तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही. दोन रविवार दुकानाचं शटर पूर्ण खाली राहिलं.

तिसऱ्या रविवारी छोट्या मास्तरनं निरोप पाठवला, पंडित येतोय, तूही ये. ती गेली तेव्हा तिघं आधीच टेबलाशी बसले होते. टेबल रिकामं होतं, निळ्या कापडावर जुन्या रेघांचे पांढरट डाग. वही मध्ये ठेवलेली.

वकीलबाईनंच सुरुवात केली. "मला एकच सांग. सगळ्यांसमोर विचारायची काय गरज होती? त्याच्या आईसमोर? इथं विचारता येत नव्हतं? आदल्या दिवशी आपण इथंच होतो!"

"मला नक्की त्या दिवशी सकाळी कळलं," काकूबाई म्हणाली. "बाहेर त्याला सांगायला आले होते. हिंमत झाली नाही."

"आणि पंचवीस लोकांत बरी झाली!"

"तू थांब जरा," पंडित वकीलबाईला म्हणाला. तो बारीक झाला होता. आवाजात राग नव्हता, आणि काकूबाईला राग असता तर बरं वाटलं असतं. "तिथं विचारलंस त्याचं मला काही नाही. खरंच नाही. न विचारता ती जागा मिळाली असती तर मी त्याच्यावरच पुढचं सगळं उभं केलं असतं, आणि कधीतरी ते सगळंच्या सगळं खाली आलं असतं. तू विचारलंस ते बरोबरच केलंस."

त्यानं वहीवर बोट ठेवलं.

"पण त्या रविवारी इथं सही का केलीस?"

काकूबाईला सांगता आलं असतं की नजरचूक झाली. चौघांचीही झाली होती, कुणी तिला एकटीला धरलं नसतं.

"खोटी केली," ती म्हणाली. "मला कळलं नव्हतं. तिथंच खटकलं होतं, सातव्या पानावर. सगळे ताटकळले होते, मास्तरकाका दारात उभे होते. आणि मला एकदा तरी तुमच्याबरोबर पोचायचं होतं. दर वेळी तुम्ही पुढं जाऊन माझी वाट बघता ना, तसं नको होतं. एकदाच." तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

वकीलबाईनं मान फिरवली. छोटा मास्तर टेबलावरचं नसलेलं काहीतरी बोटानं खरवडत राहिला.

"मीपण तिथंच अडलो होतो," पंडित म्हणाला.

काकूबाईनं वर बघितलं.

"लिहिताना. दोन दिवस तो एन मला टोचत होता. कुठं टोचतोय ते सापडेना. मग म्हटलं जाऊ दे, रविवारी काकू आहे. काही असेल तर तिथं ती धरल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी सातवं पान आलं तेव्हा मी तुझ्याच तोंडाकडे बघत होतो. तू म्हणालीस कळलं." तो वहीकडे बघत पुढं म्हणाला. "मला वाटलं, काकूला कळतंय आणि मला कळत नाही, म्हणजे मीच मूर्ख. म्हणून पुढं गेलो."

तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले. दोन वर्षं ती ज्याला आपला अडाणीपणा समजत होती, त्याच्याच भरवशावर हा पोरगा चालला होता. हे तिला आज समजलं, आणि आता ते समजून काही हाती लागणार नव्हतं.

बाहेर शटरला टेकून कुणीतरी सायकल उभी केली आणि परत काढून नेली.

"अशा किती आहेत?" पंडितनं विचारलं. "वहीत. न कळता केलेल्या."

"एकच," ती म्हणाली. "हीच. बाकी सगळ्या खऱ्या आहेत."

ते अगदी खरं होतं. एकशे बारा सह्यांतल्या एकशे अकरा ओळन् ओळ समजून केलेल्या होत्या. तिनं पंडितच्या डोळ्यांत बघितलं, आणि त्याला आपलं म्हणणं मानायचंय हे तिला दिसलं. त्यानं मनापासून प्रयत्न केला.

"बरं," तो म्हणाला.

मग त्यानं वही स्वतःकडे ओढली, पहिल्या सिद्धतेचं पान उघडलं आणि पहिल्या ओळीपासून तपासायला सुरुवात केली.